येती हवा, जाती हवा

घुग्घुसच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा शेजारच्या शांताबाईंनी पहिल्याच दिवशी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पांढरे कपडे वाळत घातले तर दुपारच्या आत काढायचे, आणि घराला जेवढी म्हणून भोकं असतील तेवढी आठवडाभरात बुजवून टाकायची. एका अंगाला कोळशाच्या खदानी, दुसऱ्या अंगाला सिमेंटचा कारखाना, मधल्या रस्त्यावर अखंड ट्रक. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं. त्यामुळे खिडक्यांच्या फटीत चिंध्या, झरोक्यांना पुठ्ठे आणि दाराखाली पोतं, अशी आमच्या लायनीतली सगळी घरं तोंड बांधून बसलेली असत. मीही बाथरूमच्या झरोक्यावर मागच्या वर्षीचं कॅलेंडर खळ लावून चिकटवलं. नववीच्या वर्गात ज्वलनाला हवा लागते हे शिकवून घरी यायचं आणि त्याच कॅलेंडराखाली गॅसच्या गिझरवर पाणी तापवून आंघोळ करायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

गॅसचे गिझर तेव्हा नवेच होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि हा लाल डबा तर नळ उघडला की भक्कन पेटायचा आणि कढत पाणी द्यायचा. बसवणारा पोरगा भिंतीत दोन खिळे ठोकायचा, डबा अडकवायचा, नळी जोडायची आणि चहा पिऊन जायचा. डब्याच्या डोक्यावर एक गोल तोंड असायचं. ते कशासाठी, हे ना त्यानं सांगितलं ना आम्ही विचारलं.

ते विचारणारा माणूस गिझर बसल्याच्या तिसऱ्या दिवशी दारात उभा राहिला. किडकिडीत, काळासावळा, पिवळट पडलेल्या पांढऱ्या मिशा. डोळ्यांच्या कडांना काजळ घातल्यासारखी काळी रेघ, जी खदानीतल्या माणसांची कुठल्याच साबणानं जात नाही. चपला बाहेर काढून ते म्हणाले, "बाई, मी दयाराम. मांगच्या लायनीत राह्यतो. तुमच्या घरी लाल डबा आला म्हणते. त्याचं नाक कुठी काढलं?"

"नाक?"

"श्वास घेते ना तो. मंग सोडते कुठून?"

मी विज्ञानाची शिक्षिका. मला हा प्रश्न कोणी विचारावा हे जरा झोंबलंच. उत्तराऐवजी मी त्यांना बाथरूम दाखवलं. त्यांनी खिशातून उदबत्तीचा पुडा काढला, एक काडी ओढली आणि म्हणाले, "काडीपेटी द्या."

काडीपेटी ते कधीच जवळ ठेवत नसत. पस्तीस वर्षं भूमिगत खदानीत काढली होती. खाली उतरण्याआधी तिथे रोज खिसे तपासत, कारण आतल्या वायूत एक काडी ओढली तर सगळ्यांची राख व्हायची. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी त्यांच्या खिशाला ती सवय राहिली होती. उदबत्ती स्वतःची आणि काडी यजमानाची, असा त्यांचा कायमचा थाट.

त्यांनी उदबत्ती पेटवली, दार लावून घेतलं आणि माझ्या कॅलेंडराखाली धरली. धूर सरळ वर गेला, छताला टेकला आणि तिथेच गोळा होत राहिला. "पाह्यलं? याले जायले रस्ता नाई." मग काही न विचारता कॅलेंडराचं टोक धरलं आणि सर्रकन फाडलं. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सगळं वर्ष त्यांच्या हातात आलं, त्याच्यावरचा लक्ष्मीचा फोटो मात्र त्यांनी नमस्कार करून बाजूला ठेवला. धूर क्षणभर घुटमळला आणि झरोक्याकडे वळून निघून गेला. मला राग आला होता हे खरं. पण तो वळणारा धूर मी बघतच राहिले, हेही खरं.

खदानीत ते हवेच्या कामावर होते. जमिनीखाली मैल मैल बोगदे. एका वाटेनं पंखा वरची ताजी हवा आत ओढतो, दुसऱ्या वाटेनं वापरलेली हवा बाहेर फेकतो. या दोन वाटा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मध्ये भिंती आणि लाकडी दारं. ती दारं, त्या भिंती, त्यांच्या फटी सांभाळणं हे दयारामभाऊंचं काम. साहेब लोक इंग्रजी नावं घ्यायचे, हे म्हणायचे येती हवा आणि जाती हवा. "बाई, खदान असो का न्हाणीघर, कायदा एकच. येतीले रस्ता खाली द्या, जातीले वर. अन जाती पुन्हा येतीत घुसली का खेल खतम."

त्या कायद्यानुसार आमच्या बाथरूमला दोन भोकं पडली. एक जमिनीपासून वीतभर वर, बागेच्या बाजूला, वर पत्र्याची झापड, म्हणजे धूळ पडली तरी आत शिरू नये. दुसरं छताजवळ, त्यातून डब्याच्या डोक्यावरचा पत्र्याचा नळ बाहेर काढलेला. तो नळही कसाही चालायचा नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब हवा, शेजाऱ्याच्या खिडकीपासून त्याहून लांब हवा, तोंडाला पावसाची टोपी हवी आणि चिमण्यांनी घरटं करू नये म्हणून जाळी हवी. "चिमनीचा काय दोष? तिले वाटते आयतं घर भेटलं," असं म्हणत ते जाळीच्या तारा वळवत बसले. मजुरी म्हणून चहा घेतला, तोही बशीतून.

लायनीत त्यांना सगळे भोकवाले भाऊ म्हणत. तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही नव्हतं. मागच्या लायनीतल्या एका म्हाताऱ्या आजींनी त्यांना उदबत्ती घेऊन बाथरूममध्ये शिरताना पाहिलं आणि गिझरची पूजा असते अशी समजूत करून घेतली. दुसऱ्या दिवशी डब्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. दयारामभाऊ म्हणाले, "राहू द्या. फूल वरच्या तोंडावर ठेवू नका फक्त."

मला या माणसाचं कुतूहल वाटू लागलं, आणि त्यांना माझं. "हवा दिसत नाई, तं तुमी पोराईले कशी शिकवता?" एकदा त्यांनी विचारलं. मी म्हटलं, या की वर्गात. खरंच आले. स्वच्छ सदरा घालून शेवटच्या बाकावर बसले. मी पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा ठेवला. ज्योत बारीक होत गेली, मुलं पुढे सरकून पाहू लागली. ज्योत विझायला आली तसे दयारामभाऊ उठले, बाकांमधून झपाझप पुढे आले आणि त्यांनी पेला उचलला. वर्ग हसला. "पाहून झालं ना?" ते ओशाळून म्हणाले आणि पेला हातात धरूनच उभे राहिले.

त्या दिवशी शाळेतून परत येताना त्यांनी मला लच्छूची गोष्ट सांगितली. लच्छू त्यांच्या पाळीतला, त्यांच्याच वयाचा. एकदा डबा खायला तो एका बंद पडलेल्या बोगद्याच्या तोंडाशी आत जाऊन बसला, तिथे जरा गारवा होता. दयारामभाऊ बाहेरून गेले. दिव्याच्या उजेडात दिसलं, लच्छू भिंतीला टेकून बसलाय, मांडीवर डबा, हातात भाकरीचा तुकडा, मान कललेली.

"मी आवाज देल्ला, लच्छू! तो नाई बोलला. मले वाटलं, थकला असन बिचारा, लागला डोळा. झोपू दे. अन मी समोर गेलो." समोरून आलेला ट्रक जाऊ द्यायला ते कडेला सरकले. "मी ढिवराचं पोरगं, बाई. मासोळ्या धरत वैनगंगेवर जन्म गेला आमच्या लोकाईचा. पान्यात माणूस बुडाला तं हातपाय मारते, ओरडते, समजते बुडून राह्यला म्हणून. हवेत बुडाला तं झोपते. मी त्याले झोपू देल्लं."

कार्बन मोनॉक्साइड, रंगहीन, गंधहीन, विषारी: दोन मार्कांचा प्रश्न म्हणून मी तो वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्याला लच्छू नावाचा माणूस जोडलेला असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आमच्या लायनीत एकच घर दयारामभाऊंच्या हाती लागलं नाही. शांताबाईंचं. त्यांचे यजमान वामनराव खदानीच्या ऑफिसातले निवृत्त बडे बाबू. निवृत्तीनंतर त्यांनी बाथरूम नव्यानं बांधली होती, नागपुरातून पिस्ता रंगाच्या टाइल्स आणून. प्रत्येक टाइलवर एक कमळ, आणि कमळांच्या मधोमध तोच लाल डबा. पाहुणे आले की पाण्याआधी बाथरूम दाखवायची. तिला भोक पाडायचं म्हटल्यावर ते उसळलेच.

"दयाराम, खदानीत तू हवा सांभाळत होता, कबूल. माझं घर खदान नाई. भोक पाडलं तं टाइल फुटन, अन कोळसा आत येईन तो वेगळा."

"बाबू, टाइल फुटली तं दुसरी भेटन."

"हे डिझाइन बंद झालं," वामनराव म्हणाले. विषय संपला.

पण दयारामभाऊंचा संपला नाही, कारण त्या घरात सुनंदा होती. वामनरावांची सून, चिमूरकडची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याची सकाळची पाळी असायची, तो गेला की ती आंघोळीला जायची. झरोक्याला थर्माकोल पक्का बसवलेला. दाराखाली मात्र बोटभर फट होती. दयारामभाऊ ती फट बाहेरून न्याहाळून आले आणि मला म्हणाले, "त्या बोटावर पोरगी जगून राह्यली."

मग त्यांनी सुनंदालाच गाठलं. "बेटा, एक काम कर. अंदर गेली का गाणं म्हण. मोठ्यानं. तुझा आवाज येत राह्यला पायजे."

सुनंदा हसून म्हणाली, "मले गाणं नाई येत, भाऊ. पाढे येते. गुरुजींनी छडी मारून पाठ करून घेतले."

"पाढे तं पाढे."

आणि खरोखर आमच्या लायनीत रोज सकाळी बाथरूममधून पाढे ऐकू यायला लागले. बे एके बे पासून सुरुवात, केस धुवायचे असतील तर वीसपर्यंत, नाहीतर बारा-तेरावर आंघोळ उरकायची. शांताबाईंना आधी लाज वाटली, मग त्या माझ्याकडे कौतुकानं सांगू लागल्या की सून शिकलेली आहे. आणि त्या वेळेला दयारामभाऊ बरोबर आमच्या दोन घरांच्या मधल्या बुटक्या भिंतीवर येऊन बसलेले असत, खांद्यावर घडी घातलेली जाडी चादर. थंडी होतीच, त्यामुळे चादरीचं कुणाला काही वाटलं नाही. मी एकदा गमतीनं म्हटलं, भाऊ, थंडी वाजते तर पांघरत का नाही? ते म्हणाले, "माह्यासाठी नाई ते," आणि पुढे काही सांगितलं नाही. तेरावर सुनंदा बाहेर आली की ते उठून घरी जात. स्वतः दुसरी नापास. पण ऐकून ऐकून त्यांचेही ओठ हलायला लागले होते.

त्या जानेवारीत थंडी जास्त पडली. वामनरावांनी एका संध्याकाळी बाथरूमच्या दाराला खालून रबराची पट्टी ठोकून घेतली. धूळही बंद, गार वाराही बंद. ती बोटभर फट बुजली हे त्यांनी कोणाला सांगायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या मागच्या अंगणात भाजी चिरत होते. पलीकडून पाढे चालू होते. दहा झाले, अकरा झाले. बाराचा जरा रेंगाळला. मग तेरा. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक... थोडं थांबून, एकोणचाळीस. तेरा चोक... अठ्ठेचाळीस.

बावन्न, मी मनातल्या मनात दुरुस्त केलं आणि हसले. आज स्वारी पेंगते आहे असं मला वाटलं. मी पुढची वांगी घेतली. हे लिहिताना आजही मला माझी लाज वाटते. चूक मला कळली होती, लायनीतल्या एकट्या मला कळली होती, आणि मी वांगी चिरत राहिले.

दयारामभाऊंना बावन्न की अठ्ठेचाळीस ते माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की पुढचं आलं नाही. "सूनबाई!" त्यांनी हाक मारली. "सूनबाई, आवाज दे!" पाण्याचा आवाज येत होता. दुसरा कसलाच नाही. मी विळीवरून उठेपर्यंत ते भिंत ओलांडून पलीकडे गेलेले होते. एक लाथ, दुसरी लाथ, आणि कडी तुटल्याचा आवाज. मी धावले. दारात उभं राहून त्यांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, नदीत बुडी मारण्याआधी घेतात तसा, आणि चादर पसरून आत शिरले. बाहेर आले तेव्हा सुनंदा त्या चादरीत गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली होती. मान लटकत होती.

तेवढ्यात वामनराव देवघरातून आले. ओलं सोवळं, हातात पळी. समोर काय दिसलं त्यांना? मोडलेलं दार आणि परक्या माणसाच्या हातात आंघोळीला गेलेली आपली सून. त्यांनी पुढे होऊन दयारामभाऊंच्या थोबाडीत मारली. सगळ्या अंगणात वाजली.

दयारामभाऊंनी सुनंदाला खाली पडू दिलं नाही. "मारा मंग, बाबू," ते धापा टाकत म्हणाले. "अगोदर बाजूले व्हा. तिले हवा येऊ द्या."

त्यांनी तिला अंगणाच्या मधोमध उघड्यावर ठेवलं, कुशीवर वळवलं. मला सिलिंडरचा कॉक बंद करायला सांगितलं, शांताबाईंना तिचे तळवे घासायला. स्वतः तिच्या कानाशी बसले आणि ओरडू लागले, "तेरा चोक किती? बोल! तेरा चोक किती? झोपू नको बेटा, तेरा चोक किती?" शांताबाई रडत होत्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग सुनंदाला उलटी झाली, ती खोकली, आणि डोळे किलकिले करून तिनं काहीतरी पुटपुटलं. बावन्न नव्हतं ते. आई म्हणाली होती. दयारामभाऊ तिथेच मातीत बसले आणि त्यांना जो खोकला लागला तो खदानीची जीप येऊन सुनंदाला दवाखान्यात घेऊन गेली तरी थांबला नाही. पस्तीस वर्षांच्या कोळशानं भरलेल्या छातीत त्यांनी तो एक श्वास धरून ठेवला होता.

सुनंदा दोन दिवस ऑक्सिजनवर होती, मग घरी आली. वामनराव घराबाहेर पडेनात. चौथ्या दिवशी सकाळी ते मागच्या लायनीत गेले, हातात छिन्नी आणि हातोडा. दयारामभाऊंच्या दारात उभं राहून म्हणाले, "दयाराम, भोक पाडाचं हाये."

"टाइल फुटन, बाबू."

"फुटू दे." मग खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी माह्या हातून..."

"चला, ऊन चढन," दयारामभाऊंनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. त्यांनी दोन्ही भोकं इतक्या सावकाश आणि निगुतीनं पाडली की वरच्या टाइलवरच्या कमळाची एकच पाकळी गेली. वामनराव पुढे पाहुण्यांना ती पाकळी दाखवू लागले.

पुढे घुग्घुसहून माझी बदली झाली, तोवर दयारामभाऊही गावी गेले होते, वैनगंगेच्या काठी, मुलीकडे. एका महाशिवरात्रीला मी मार्कंड्याच्या यात्रेला गेले तेव्हा वाट वाकडी करून त्यांचं गाव गाठलं. मुलगी अंगणात जाळं दुरुस्त करत होती. घर कुडाचं, हवा कुठूनही यावी कुठूनही जावी. "बाबा खाली घाटावर हाये. झोपले असन, झोपू द्या," ती म्हणाली.

खाली उतरले. नदीचं पात्र आटून रुंद वाळू झाली होती. करंजाच्या झाडाखाली, उपड्या डोंग्याला, लहान लाकडी होडीला, टेकून दयारामभाऊ बसले होते. खूप वाळले होते. मान कललेली, तोंड किंचित उघडं, मांडीवर डबा. चोहीकडे मोकळं आभाळ आणि नदीवरून येणारा वारा. इथे काही होणं शक्य नाही हे मला कळत होतं. त्यांना झोपू द्यावं असंही वाटत होतं.

"दयारामभाऊ!" मी ओरडलेच. "आवाज द्या!"

त्यांनी डोळे न उघडता मिशीत हसून उत्तर दिलं, "हाये, बाई. जित्ता हाये."

मग आम्ही थोडं बोललो. बोलताना त्यांना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. सुनंदाला मुलगी झाली हे सांगितलं, ते त्यांना आधीच माहीत होतं. "आता पाढे म्हणते का?" त्यांनी विचारलं. म्हणते, मी सांगितलं, भोक पडलं तरी म्हणते, आणि आता पोरीलाही म्हणायला लावते. त्यांना ते फार आवडलं. उन्हं कलायला लागली तशी मी उठले. यात्रेची बस चुकली असती.

"झोपा आता," मी म्हटलं.

"तुमी वर पोचतपर्यंत नाई झोपत," ते म्हणाले. "नाईतं तुमी पुन्हा वापस याल."

मी दरड चढू लागले. मागून त्यांचा आवाज यायला लागला, घोगरा, तुटक, पण मोठ्यानं. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस. तेरा चोक...

आवाज थांबला. मी जागच्या जागी उभी राहिले. मागे वळायला धीर होईना.

"बावन्न!" खालून हाक आली. "जा आता, बाई."